घुशीला जेवू कोण घालते?

गेल्या जानेवारीतील एका पहाटेची गोष्ट. निवृत्तीनंतर उजाडण्यापूर्वी उठून बागेला पाणी घालण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. बाग म्हणजे काही फार मोठी नव्हे. पुण्याच्या एका उपनगरातील वीस बिऱ्हाडांची आमची सोसायटी. तिच्या मागच्या भिंतीलगत तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला आलेली जेमतेम दहा पावले रुंदीची ती पट्टी. तीत दोन मोगरे, एक जास्वंद, थोडासा अळू आणि यंदा हौसेने लावलेले रताळ्याचे वेल. काही दिवसांपासून मोगऱ्याच्या बुंध्याशी रोज सकाळी भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसत होता. रताळ्याचे वेल वरून हिरवेगार. पण खाली हात घालावा तर कंद अर्धेअधिक कुरतडलेले. त्या पहाटे झारी घेऊन मी बाहेर आलो आणि जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात तो मातीचा ढीग हलताना दिसला. त्यातून आधी एक बोथट, मातीने माखलेले तोंड वर आले आणि मागोमाग मांजराच्या पिलाएवढे धिप्पाड, राखी-काळपट अंग.

उंदीर माणसाला पाहून पळतो. ही पळाली नाही. पाठीवरचे राठ केस तिने ताठ उभारले, घशातून डुकरासारखा घुरघुर आवाज काढला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. दोन पावलांच्या अंतरावर आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. अखेर मीच मागे सरलो. मग तिने सावकाश तोंड वळवले आणि आपल्या बिळात ती दिसेनाशी झाली. आयुष्यभर वर्गात मुलांना दटावण्यात ज्याची हयात गेली त्या मास्तरला एका घुशीने दटावले, ही गोष्ट मी घरात सांगितली तेव्हा सर्वांची चांगली करमणूक झाली.

घूस हा आपल्या अगदी शेजारी राहणारा आणि तरीही आपल्या माहितीतला नसलेला प्राणी आहे. ती मोठ्या उंदरासारखी दिसते खरी, पण तिची राहणी निराळी. घरातला काळा उंदीर तुळयांवरून, तारांवरून हिंडतो; घूस जमीन पोखरते. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचे ढीग हीच तिच्या वस्तीची खूण. मोठ्या जातीची घूस भरली म्हणजे किलोभराच्या घरात जाते. शेतात आणि शहरात अधिक दिसणारी धाकटी जात तिच्याहून बरीच लहान, पण धान्य साठवण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. कापणीच्या दिवसांत तिच्या बिळातून ओंब्यांचे साठे निघतात, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडत राहणे ही तिची चैन नसून गरज असते. इंग्रजीत तिला ‘बँडिकूट’ म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’ या शब्दावरून गेलेला आहे. त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. त्या पहाटे तिची घुरघुर ऐकल्यावर त्या नावातील यथार्थता मला पटली. दख्खनच्या या नावाचा प्रवास पुढे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत झाला आणि तिथल्या, घुशीशी काहीही नाते नसलेल्या, पोटाशी पिशवी असणाऱ्या प्राण्यांना ते चिकटले.

आपल्या कायद्यानेही उंदीर-घुशींना फारसा मान दिला नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात ज्यांना उपद्रवी ठरवून संरक्षणाबाहेर ठेवले होते, त्यांत कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्या पंक्तीला उंदीर बसवलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. पण कायद्याच्या पुस्तकातले परिशिष्ट काढून टाकले तरी माणसाच्या मनातले परिशिष्ट इतक्या सहजी निघत नाही, याचा प्रत्यय मला आठवड्याभरातच आला.

घुशीची वार्ता सोसायटीत पसरली आणि असे दिसून आले की ती एकट्या माझी पाहुणी नव्हती. कोणाच्या गाडीची वायर कुरतडली गेली होती, पाण्याच्या टाकीशेजारची फरशी एका बाजूने खचली होती, मागच्या भिंतीच्या पायाशी हात जाईल एवढे भगदाड पडले होते. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ अशी म्हण आपण वापरतो. इथे उंदीरच आमचा डोंगर पोखरत होता. रविवारी सभा भरली. बँकेतून निवृत्त झालेले माझे शेजारी तावातावाने म्हणाले, “सर, हा दयामायेचा विषय नाही. विष घाला आणि मोकळे व्हा.” मीही मान डोलावली. खोटे कशाला सांगू? कुरतडलेली रताळी माझ्याही डोळ्यांपुढे होती. ठराव एकमताने संमत झाला. कंत्राटदार कोण, दर किती, विषाच्या वड्या कोठे कोठे ठेवायच्या, हे सारे चिटणिसांनी इतिवृत्तात व्यवस्थित लिहून घेतले.

पहिल्या आठवड्यात सात घुशी मेल्या. सभासदांनी एकमेकांचे अभिनंदन केले. एक घूस जिन्याखाली अशा ठिकाणी जाऊन मेली की तीन दिवस तळमजल्यावर नाकाला रुमाल लावून वावरावे लागले. पहारेकऱ्याने दूध पाजून वाढवलेले मांजर चौथ्या दिवशी मरून पडले. त्याने काय खाल्ले असावे याची चौकशी करण्याचे कारण कोणाला वाटले नाही. नंतरचे पंधरा दिवस शांततेत गेले. आणि सोळाव्या दिवशी मोगऱ्याच्या बुंध्याशी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, ताज्या मातीचा ढीग पुन्हा हजर झाला.

इथे एका व्यक्तीचा उल्लेख करायला हवा. आमच्या इमारतीचे जिने आणि अंगण झाडायला एक मावशी रोज सकाळी येतात. त्या सातही घुशी त्यांनीच उचलल्या होत्या. पहिल्या दिवशी मी खिडकीतून पाहिले तेव्हा त्यांनी दुधाची रिकामी पिशवी हाताला गुंडाळली होती आणि तिनेच त्या मेलेले धूड शेपटीला धरून उचलत होत्या. इतिवृत्तात कंत्राटदाराचे नाव होते, विषाचा दर होता. मेलेली घूस कोणी उचलायची आणि कशाने उचलायची, याविषयी एक अक्षरही नव्हते. ते लिहिण्याची गरज आम्हां सुशिक्षित माणसांपैकी एकालाही भासली नव्हती, कारण ते काम कोण करणार हे न लिहिताच ठरलेले होते.

नवा ढीग दिसला त्या दिवशी मी मावशींना म्हणालो, “मावशी, परत आली बघा. आता पुन्हा विष घालायला हवं.” त्यांनी झाडू थांबवला आणि त्या म्हणाल्या, “सर, मेलेली उचलाया मी हाय. पर जित्तीला जेवाया कोन घालतंय, ते बी येकदा बघा की.”

मी काही उत्तर दिले नाही. पण तो प्रश्न दिवसभर मनातून जाईना. आम्ही सभेत घुशीविषयी दोन तास बोललो होतो. तिला मारावे कसे, यावर अनेक मते पडली होती. ती इथे का आहे, हा प्रश्न मात्र एकाच्याही मुखातून निघाला नव्हता.

त्या संध्याकाळपासून मी इमारतीभोवती निराळ्या नजरेने हिंडू लागलो. कचऱ्याची घंटागाडी सकाळी सात वाजता येते. सकाळी लवकर उठण्याचा कंटाळा म्हणून पाच-सहा बिऱ्हाडे रात्रीच फाटकाशी ओल्या कचऱ्याच्या पिशव्या ठेवून देत. रात्री दहा ते सकाळी सात, म्हणजे नऊ तासांची ती पंगत. गच्चीवर एक सद्‌गृहस्थ पुण्य म्हणून कबुतरांना रोज दाणे टाकीत. कबुतरांना पुरून उरलेले दाणे पावसाच्या पन्हाळीतून खाली येत. सांडपाण्याच्या कुंडीचे झाकण दोन वर्षांपूर्वी फुटलेले होते आणि त्यावर एक फळी टाकून आम्ही तो प्रश्न सुटला असे मानले होते. ही सारी टिपणे काढताना मला आतून थोडे समाधानच वाटत होते. दुसऱ्याच्या चुका मोजण्यात ते नेहमीच असते. मग मी माझ्या बागेत आलो आणि माझ्याच खतखड्ड्यापाशी थबकलो.

तो खड्डा म्हणजे माझ्या अभिमानाचा विषय होता. स्वयंपाकघरातला कचरा रस्त्यावर टाकायचा नाही, त्याचे खत करायचे, असे मी वर्गात मुलांना शिकवीत आलो आणि निवृत्तीनंतर आचरणातही आणले. पण घरातली माणसे दोन राहिली तरी भात चार माणसांचा शिजतो. शिळा भात, पोळीचे तुकडे, उसळीचा तळ, सारे त्या उघड्या खड्ड्यात जाई आणि वरून मूठभर माती पडे. काठीने माती बाजूला केली तेव्हा खड्ड्याच्या बाजूने थेट मोगऱ्याच्या दिशेने गेलेले, येण्याजाण्याने गुळगुळीत झालेले भोक दिसले. घुशीने माझ्या बागेत बीळ केले होते, असे मी इतके दिवस समजत होतो. वस्तुतः मीच तिच्या दारात रोज ताट वाढून ठेवीत होतो.

घुशीच्या बाबतीत विषाचा उपाय का थिटा पडतो, हे नंतर नीट वाचले-समजावून घेतले तेव्हा मावशींच्या प्रश्नातील शहाणपण अधिकच उमगले. घूस मोठी चाणाक्ष. जस्ताच्या फॉस्फाईडसारखे जलद मारणारे विष थोडेसे खाऊन जी वाचते ती पुन्हा त्या आमिषाच्या वाटेला जात नाही. ज्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि जनावर काही दिवसांनी मरते, त्याला ती फसते; पण तेवढ्या दिवसांत ती सुस्तावून उघड्यावर हिंडते आणि घुबडाच्या, मांजराच्या तोंडी पडून आपले विष त्यांच्याही पोटात पोहोचवते. त्यातही एक बीळ रिकामे झाले की शेजारच्या वस्तीतली दुसरी घूस तिथे येते. ‘आयत्या बिळावर नागोबा’ आपण म्हणतो, पण आयत्या बिळावर सर्वांत आधी येते ती दुसरी घूसच. तिची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची. एका वेताला सहा-आठ पिले सहज होतात, कधी त्याहूनही अधिक. ती पिलेही काही महिन्यांत वयात येतात. तात्पर्य, किती घुशी जगाव्यात हे विषाची पुडी ठरवत नाही. त्यांना मिळणारे अन्न आणि आसरा ते ठरवतात. अन्न तेवढेच राहिले तर मारलेल्यांच्या जागा भरून येण्यास फार दिवस लागत नाहीत.

हा धडा या महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी गजबजलेला भाग. माणसे दाटीने राहत होती, धान्य दाटीने भरलेले होते. उंदरांना आणखी काय हवे? त्या साथीचा मुख्य वाहक घरातला काळा उंदीर होता, घूस नव्हे, हे खरे. परंतु वखार आणि बीळ यांचे नाते दोहोंच्या बाबतीत एकच. सरकारने १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. घरे बळाने उघडली गेली, सामानसुमान जाळले गेले, माणसे छावण्यांत नेऊन टाकली गेली. पुण्यात त्या जुलमाने जो क्षोभ उसळला त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाले, हे शाळेतला मुलगाही जाणतो. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे पहिली दोन वर्षे सारा बंदोबस्त माणसांचा चालला होता, कारण बीळ कोठे आहे हेच कोणाला कळले नव्हते. पुढच्या काही दशकांत या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना त्या रोगाने गाठले. आजारी माणसाला हात लावायला घरचे लोक धजत नव्हते अशा वेळी कोणी तरी हात लावावा लागतो, आणि तो हात लावणाराच बहुधा आधी जातो. त्यांनी ते जाणूनबुजून, स्वेच्छेने केले. म्हणून आपण त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. पण ज्याला पोटासाठी रोज तोच हात लावावा लागतो, त्याच्या स्वेच्छेचा विचार आपण कधी केला आहे काय?

दुसरा धडा आपल्या हयातीतला. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचे वृत्त आले आणि देश हादरला. सुरतेतून लाखो माणसे गाड्या भरभरून पळाली. तेव्हाचे ते शहर घाणीसाठी कुप्रसिद्ध होते. पण पुढे काय झाले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव हे तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून उठवून रोज वस्त्यावस्त्यांत फिरायला लावले. कचरा नियमाने उचलला जाऊ लागला, रस्ते रोज झाडले जाऊ लागले, घाण करणाऱ्याला दंड बसू लागला, मग तो हॉटेलवाला असो की पुढारी. दोन-अडीच वर्षांत सुरतेची गणना देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. त्यात चमत्कार कसलाच नव्हता. उंदराचे ताट उचलले गेले, इतकेच.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने बळी घेतले. उंदीर-घुशींच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून माणसाच्या अंगात शिरतात. या तापाला गरीब-श्रीमंत ठाऊक नाही असे म्हणतात. पण चिखलात अनवाणी कोण उभा राहतो, तुंबलेली गटारे कोण मोकळी करतो, कोकणातल्या भातखाचरात दिवसभर वाकून कोण लावणी करतो, हे मात्र आपल्याला पक्के ठाऊक असते.

आता आपले शासन या प्रश्नाकडे कसे पाहते तेही पाहण्यासारखे आहे. २०१८ च्या मार्च महिन्यात विधानसभेत मंत्रालयातले उंदीर गाजले. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशोब कागदोपत्री आहे, असा आरोप एका ज्येष्ठ सदस्यांनी केला. यथावकाश खुलासा झाला की ती संख्या उंदरांची नसून विषारी गोळ्यांची आहे. सभागृहात हशा पिकला, वर्तमानपत्रांतून व्यंगचित्रे आली आणि प्रकरण विस्मृतीत गेले. आकडा उंदरांचा असो की गोळ्यांचा, मोजले गेले ते मरणाचे साहित्य. त्याच इमारतीत रोज किती खरकटे उघड्यावर पडते, उपाहारगृहाच्या मागे काय साचते, फायलींच्या ढिगाऱ्यांखाली किती वर्षांत झाडू फिरलेला नाही, याची गणती कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. आमच्या वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीने तेच केले होते. प्रमाण लहान, पद्धत तीच. तेव्हा शासनाला हसण्याचा अधिकार आम्हांला फारसा उरत नाही.

याचा अर्थ मी घुशीचे वकीलपत्र घेतले आहे असे कोणी समजू नये. मूषकाला आपण गणपतीच्या पायाशी बसवतो आणि त्याच्याही हातात मोदक देतो, म्हणून शेतातले पीक त्याच्या स्वाधीन करावे असे कोणी म्हणणार नाही. ज्याचे वर्षाचे धान्य बिळात चालले आहे त्या शेतकऱ्याला, ज्या गावात ताप पसरला आहे त्या गावाला, घुशी माराव्याच लागतील. तिथेही एकट्याने आपल्या बांधापुरते विष घालून भागत नाही. सगळ्या शिवाराने एकाच वेळी मोहीम काढली तरच गुण येतो, हा अनुभव आहे. माझे म्हणणे इतकेच की मारणे हा दुसरा उपाय आहे. पहिला उपाय ताट उचलण्याचा. पहिला न करता दुसरा करीत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणे. आणि फरशी पुसणारे हात आपले नसतात, म्हणूनच नळ बंद करण्याची आपल्याला घाई नसते.

निसर्गानेही या कामी आपल्याला सोबती दिले होते. गव्हाणी घुबड रात्रीत उंदीर आणि लहान घुशी टिपते. बिनविषारी धामण थेट बिळात शिरते. घुबडाला आपण अशुभ ठरवले, धामणीला दिसताक्षणी काठी घातली आणि उरलेल्यांना विष खाल्लेल्या घुशी चारल्या. फुकट राबणारे चाकर घालवून द्यायचे आणि मग पगारी कंत्राटदार नेमायचा, हा व्यवहार कोणत्या हिशोबात बसतो?

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकावर टाकली. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचा अर्थ दोन रंगांचे डबे विकत घेणे एवढाच केला. कचरा उंबऱ्याबाहेर गेला की तो आपला राहत नाही, अशी आपली प्रामाणिक समजूत आहे. घुशीची तशी समजूत नाही. तो कोणाच्या घरातून आला हे ती विचारीत नाही, पण ज्याच्या घरातून आला त्याच्याच भिंतीखाली ती बीळ करते. या दृष्टीने पाहिले तर घुशीइतका निःपक्षपाती लेखापरीक्षक शोधून सापडणार नाही. शाळेच्या मध्यान्ह भोजनाच्या कोठीपासून कचेरीतल्या डब्याच्या खोलीपर्यंत आणि विद्यार्थ्यांच्या खानावळीपर्यंत, आपण काय सांडतो याची नोंद ती रोज रात्री करीत असते.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि आधी माझ्या खतखड्ड्याची कबुली दिली. त्यामुळे पुढचे बोलणे सोपे गेले. दुसऱ्यांच्या पिशव्यांचा विषय काढण्यापूर्वी स्वतःचा भात काढावा लागतो. आम्ही विषाचे कंत्राट पुढे चालवले नाही. त्या पैशांतून सांडपाण्याच्या कुंडीला लोखंडी झाकण बसवले, पन्हाळींच्या तोंडांना जाळ्या लावल्या, पायाकडचे भगदाड विटा आणि सिमेंटने बुजवले. कचरा सकाळी घंटागाडीच्या वेळीच खाली आणायचा असे ठरले; पहिला महिना दोघांनी तो नियम मोडला, मग त्यांनाही लाज वाटली. कबुतरांना दाणे घालणाऱ्या गृहस्थांशी बोलणे सर्वांत अवघड गेले. पुण्य करू नका असे कोणाला कसे सांगावे? अखेर ते स्वतःच दाणे बंद करून पाण्याचे भांडे ठेवू लागले. माझ्या खड्ड्याला मी तळाशी आणि बाजूंनी बारीक जाळी बसवली, वर झाकण केले आणि शिजलेले अन्न त्यात टाकणे बंद केले. घरात भात आता दोनच माणसांचा शिजतो. आणि इतिवृत्तात एक ओळ नव्याने घातली गेली: सफाईच्या कामासाठी हातमोजे, लांब चिमटा आणि गमबूट सोसायटीने द्यावेत. खर्चाच्या यादीतली ती सर्वांत लहान रक्कम होती. ती इतकी वर्षे आम्हांला का सुचली नाही, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

घुशी सगळ्या गेल्या असे मी म्हणणार नाही. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेवर कचऱ्याचा ढीग आहे, तोवर त्या येत राहणारच. एका सोसायटीचे कुंपण घुशीला अडवू शकत नाही. त्या ढिगाविषयी महापालिकेच्या क्षेत्रीय कचेरीत आम्ही अर्ज दिला आहे आणि त्याचा पाठपुरावा करतो आहोत. पण आमच्या अंगणात मातीचे ताजे ढीग दिसण्याचे प्रमाण पुष्कळच उतरले. मोगऱ्याच्या बुंध्याशी असलेले ते बीळ पावसाळ्यात ढासळले आणि पुन्हा उकरले गेले नाही.

मध्यंतरी एका सकाळी मावशी हातमोजे घालून अंगण झाडत होत्या. मी विचारले, “काय मावशी, घुशी दिसतात का अजून?”

“कमी झाल्या सर,” त्या म्हणाल्या. आणि झाडता झाडताच पुढे म्हणाल्या, “आमच्या वस्तीत हायेत की. तिथं गाडी चार दिसानं येती.”